अंबिकाची खुर्ची औरादलाच राहिली

आमची नणंद अंबिका औरादात सगळ्यात चोख ब्लाउज शिवती. पाय लहानपणीच गेले, पण जिभेनं अख्ख्या गल्लीला पळवती. तिच्या चाकाच्या खुर्चीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत न्हाई.

चेन्नईला समुद्राकडं लाकडी वाट केलीय, चाकाच्या खुर्च्या पाण्याजवळ जातात, हे तिनं मोबाईलवर बघितलं अन् डोक्यातच घेतलं. "वैनी, त्या वाटेनं मी एकटी जाणार बघा." आम्हा सगळ्यांची तिकिटं तिनंच शिलाईच्या कमाईतून काढली.

निघायच्या सकाळी सासू, राजूबाई, आडवी आली. "खुर्ची कामून न्यायलीस? धडधाकट भाऊ संगं असताना? लोक म्हणतील, बहीण जड झाली!"

मी म्हणलं, "अहो, जायचंच खुर्चीसाठी की!" तर माझ्यावरच डोळे वटारले. आमच्याकडं हे असंच. लग्नात, जत्रेत भावानं बहिणीला पाठीवर आणली की वाहवा, अन् खुर्ची दिसली की हळहळ. आमचे हे, तानाजी, खाली बसले, ती नको म्हणेस्तवर तिला पाठीवर घेतलं अन् निघाले बी, खुर्ची दारातच राहिली. स्टँडावर एकजण म्हणला, "भाऊ असावा तर असा!" हे फुगले. जळलं मेलं ते कौतुक!

चेन्नईत ती वाट खरीच होती. एक म्हातारी आपल्या हातानं चाकं फिरवत, हसत पुढं गेली. तिथं वापरायला मिळणाऱ्या खुर्च्या मागितल्या, तर सगळ्या दुसऱ्यांनी नेलेल्या. मग आमची अंबिका भावाच्या पाठीवर. लोक बाजूला सरून वाट द्यायले, एकानं तर फोटो काढला. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे गुडघाभर पाण्यात शिरले. "बघ अंबे, समुद्र! दिसायलाय का?"

"तुझी मान दिसायलीय, अण्णा," ती म्हणली. "स्टँडावर तीच, रेल्वेत तीच, हितं बी तीच. जलमभर तीच बघायलेय. खाली ठेव मला."

"अगं, पाणी हाय की!"

"ठेव म्हणते न्हवं."

ह्यांनी मागं येऊन तिला काठाच्या ओल्या वाळूत बसवलं. लाट आली, तिची साडी कंबरेपर्यंत भिजली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूनं पदरात तोंड लपवलं.

"आता लांब व्हा," अंबिका म्हणली. वळून बघितलं बी न्हाई.

आम्ही तिघं मागं सरलो. परत यायला तिला भावाचीच पाठ लागणार, हे तिलाबी ठाऊक होतं, आम्हालाबी. तिनं हाक मारायची वाट बघत आम्ही खाली माना घालून उभे राहिलो.