प्रतिभाताईंची राहिलेली परीक्षा

आजवर मी जे काही लिहिलं ते दुसऱ्यांच्या विरोधात लिहिलं. ठेकेदाराच्या विरोधात, व्यवस्थापनाच्या विरोधात. स्वतःच्या विरोधात लिहावी अशी ही एकच गोष्ट, आणि ती आजपर्यंत कुणाच्या कानावर घातलेली नाही — आईच्या नाही, संघटनेतल्या सोबत्यांच्या नाही. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

पत्रकं लिहिणाऱ्याला एक सवय लागते. वर आरोप, मधे पुरावा, खाली मागणी. इथे ते जमत नाहीये. आरोप लिहायला घेतला की हात भलतीकडेच जातो. तर आधी परिस्थिती सांगते. ती सांगणं सोपं आहे, त्यात दोष दुसऱ्यांचा आहे.

भोपाळमध्ये शाहपुऱ्याला आमची कंपनी. सरकारी खात्यांना माणसं आणि तपासण्या पुरवते. तळमजल्यावर पाण्याची प्रयोगशाळा, वर सर्वेक्षणवाले, नकाशेवाले, हिशोबवाले. सगळे कंत्राटी. दर वर्षी मुदतवाढीचं पत्र हातात पडलं तर आपण उरलो. मी प्रयोगशाळेत. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं — प्रत्येकानं आपापल्या कामातला एक ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा, प्रमाणपत्र दाखवायचं, नाहीतर मुदतवाढ नाही. हिशोबवाल्यांना करांचा, सर्वेक्षणवाल्यांना ड्रोनचा, आम्हाला पाणी-तपासणीचा. आणि तो करायचा कधी? घरी. सुटीच्या दिवशी. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. दिवसभर राबवून घ्यायचं आणि वर शिकला नाहीत म्हणून हाकलायचं — ही कुठली रीत? शिकवायचंय ना? मग कामाच्या वेळेत शिकवा. हे मी तेव्हा लिहिलं, आजही लिहीन. त्यातला एक शब्द मागे घ्यायला मी इथे बसलेली नाही.

नाही — एक ओळ मागे घ्यायला हवी. त्या पत्रकात मी ठणकावून लिहिलं होतं की या कोर्समध्ये शिकण्यासारखं काहीही नाही. ही ओळ मी कोर्स न उघडता लिहिली होती. पत्रक वाटून झाल्यावर एका रविवारी उघडला, पुढच्या पत्रकासाठी चार उणिवा मिळाव्यात म्हणून. आणि तो चांगला होता. शिकवणाऱ्या बाई टेबलावर नमुन्याची बाटली ठेवून सांगत होत्या की पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही आपलं काम करत राहतं. ते थांबवलं नाही तर वाटेतच जंतू मरतात आणि घाण पाणी स्वच्छ म्हणून पास होतं. बाटलीत चिमूटभर पूड घालतात ती त्यासाठी. ती पूड मी नोकरीला लागल्यापासून घालत होते. का घालते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी पुढचा धडा लावला. मग त्याच्या पुढचा.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात काय सांगितलं असेल? "बकवास है. टाइमपास."

आता प्रतिभाताई.

प्रतिभाताई आमच्या प्रयोगशाळेतल्या. माझ्या आईच्या वयाच्या, मूळच्या अमरावतीच्या, नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आलेल्या आणि इथल्याच झालेल्या. कोलार रोडला आमच्या पलीकडच्या कॉलनीत राहतात. एमएस्सीचं पहिलं वर्ष झालं आणि लग्न ठरलं, दुसरं वर्ष राहूनच गेलं — हे त्या हसत सांगायच्या, पण सांगायच्या जरूर. ऑफिसात सगळे हिंदीत बोलायचे. आम्ही दोघी बाटल्या धुताना मराठीत. मला त्या "अगं रश्मी" म्हणायच्या, बाकीच्यांसाठी मी पत्रकं वाटणारी, "पर्चेवाली" होते.

फर्मान आल्यावर सगळे चिडले. प्रतिभाताई चिडल्या नाहीत. त्यांनी कोर्स सुरू केला.

आम्ही दुपारी गच्चीवर एकत्र डबा खायचो, सगळे मजले मिळून. एक दिवस ताई डबा न उघडताच बोलायला लागल्या. त्यांनी कोर्सच्या चर्चेच्या पानावर एक प्रश्न टाकला होता — नमुन्याची बाटली दुपारभर गाडीत उन्हात राहिली तर त्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा का? आणि पुढच्या लाइव्ह तासात शिकवणाऱ्या बाईंनी तो प्रश्न वाचून दाखवला. नाव घेऊन. "भोपाल से प्रतिभा जी ने बहुत ज़रूरी सवाल पूछा है." ताईंनी ते वाक्य आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पन्नाशीकडे आलेल्या बाईचा चेहरा असा होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "लो भई, प्रतिभाताई का कॉलेज चालू हो गया. चोटी में रिबन भी बाँध के आना कल से." सगळे हसले. हिशोबातले सक्सेनाजी म्हणाले, "हाज़िरी लगी कि नहीं, भाभीजी?" परत हसले. ताईही हसल्या. डबा उघडला, खाल्ला. पुन्हा कोर्सचं नाव काढलं नाही.

मला वाटलं होतं कबुली इथेच संपेल — मी एका बाईची थट्टा केली. पण ही कबुली नाही. ही तर नुसती तयारी.

बहिष्कार ठरला. कुणीच कोर्स करायचा नाही, मग बघू किती जणांना काढतात. माणसं टिकायची नाहीत हे मी ओळखून होते, म्हणून मीच एक पद्धत काढली. गच्चीवर डब्यांच्या मधोमध सगळ्यांनी आपापले फोन ठेवायचे, आणि एकेकानं सगळ्यांसमोर कोर्सचं ॲप काढून टाकायचं. शपथेपेक्षा भारी, मी म्हटलं. दिसतं तरी. एकेक फोन पुढे येत गेला. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग दाबलं.

ॲप काढलं तरी खातं तसंच राहतं. केलेले धडे, दिलेल्या चाचण्या, सगळं राहतं. पुन्हा कुठूनही आपला तोच मोबाइल नंबर घालून आत गेलं की जिथे सोडलं तिथून पुढे. मला हे माहीत होतं. मग मी हीच पद्धत का काढली? दाखवायला कडक, आणि परतायला वाट मोकळी — हे मी मुद्दाम केलं का? मी स्वतःला अनेकदा विचारलंय. त्या वेळी मनात असं वाक्य नव्हतं. पण घरी गेल्यावर मी लॅपटॉप उघडला, नंबर घातला, आणि राहिलेले धडे पाहिले. त्याच आठवड्यात शेवटची परीक्षा दिली. पास झाले.

भीती वाटली म्हणून. दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. आणि हे करत असताना रोज गच्चीवर मीच सगळ्यांना सांगत होते — डटे रहो.

हीसुद्धा कबुली नाही. अजून आहे.

मुदत संपायला थोडे दिवस होते. दुपारची वेळ, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र चालू होतं, त्याच्या आवाजात दुसऱ्या कुणाला काही ऐकू गेलं नसतं. ताई बाटल्या पुसत होत्या. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रश्मी, ते आपण काढून टाकलं ना गच्चीवर — ते परत नाही का आणता येत? माझी शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती गं. मी कोणाला दाखवणार नाही. कंपनीला पण नाही. नुसती देऊन पाहिली असती."

नुसती देऊन पाहिली असती. त्यांना बहिष्कार मोडायचा नव्हता. त्यांना परीक्षा द्यायची होती.

मी म्हटलं, "नाही हो ताई. पुसलं गेलं ते. आता करायचं तर पहिल्यापासून करावं लागेल, आणि तेवढे दिवस नाहीत."

त्या म्हणाल्या, "असू दे. मी आपलं विचारलं." आणि पुढची बाटली उचलली.

ही ती गोष्ट.

का बोलले मी असं? बराच काळ मी स्वतःला एक उत्तर देत होते — एक जण फुटला की सगळे फुटतात, आंदोलन वाचवायला कठोर व्हावं लागतं. छान उत्तर आहे, पत्रकात शोभेल. खरं सांगू? चर्चेच्या त्या पानावर कोर्स पूर्ण केलेल्यांची नावं हिरवी खूण लावून दिसायची. आमच्या दोघींचा कोर्स एकच. ताई आत गेल्या असत्या तर बाईंनी दिलेलं उत्तर पुन्हा वाचायला त्या पानावर गेल्याच असत्या, आणि भोपाळचं आणखी एक नाव त्यांना दिसलं असतं. माझं. हिरवी खूण लावलेलं. ते दिसू नये म्हणून मी बोलले. एवढ्यासाठीच.

त्यांनी पुण्याला मुलीला फोन केला असता तर मुलीनं चुटकीसरशी सांगितलं असतं. पण मुलीला विचारायला त्यांना लाज वाटली असणार, या वयात हे काय म्हणून. ती लाज कुणी लावली होती? म्हणून त्यांनी मला विचारलं. या बाबतीत कळणारी, आपल्या बाजूची अशी त्यांना मीच एक होते.

मुदतवाढीची पत्रं वाटली गेली त्या दिवशी काय झालं ते सांगते, आणि ते मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाहीये. सगळ्यांना मुदतवाढ मिळाली. सक्सेनाजींना, सर्वेक्षणातल्या पोरांना, नकाशेवाल्या मॅडमना. प्रत्येकानं गुपचूप कोर्स केला होता. गच्चीवर त्या दुपारी कुणी आलं नाही. सगळ्यांनी आपापल्या टेबलावर खाली मान घालून खाल्लं. बहिष्कार एकट्या प्रतिभाताईंनी केला. त्यांना तर तो करायचाही नव्हता.

ताईंनी आपला ॲप्रन घडी करून कपाटात ठेवला. माझंही पत्र आलं होतं, हे त्यांनी पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुला काढायची त्यांची हिंमतच नाही झाली, बघ." माझ्यासाठी कारणही त्यांनीच शोधून दिलं. मी ते घेतलं.

पुढे मी त्यांच्यावर पत्रक काढलं. एका प्रामाणिक महिला कर्मचाऱ्यावरचा अन्याय. उत्तम जमलं होतं. चार इमली या साहेबांच्या वस्तीत बंगल्यांसमोर उभं राहून अधिकाऱ्यांच्या गाड्यांत टाकलं, दुसऱ्या ऑफिसांतले लोक मागून नेत होते. त्याच पत्रकावर माझं नाव झालं. मग सभा घेतली, ताईंना व्यासपीठावर बसवलं. त्यांना भाषण जमत नव्हतं, चुन्नीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मेरे को तो कुछ समझता नहीं था. इस लड़की ने हिम्मत दी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आता मला दुसऱ्या ऑफिसांतून बोलावणी येतात. शिक्षक, नर्सा, बँकेतले लोक — सगळ्यांच्या मागे कुठला ना कुठला कोर्स लागलेला. विचारतात, मॅडम, करें कि न करें? मी ठाम आवाजात सांगते. आवाज अजूनही ठाम येतो, याची मला किळस वाटते. सत्तेशी भांडायला शिकले, तेवढंच शिकले. माझ्याहून दुबळ्या माणसासमोर मी कशी वागते हे मी पाहिलंय, आणि त्यात आता बदल होईल असं मला वाटत नाही. माझ्या चळवळीवर माझाच विश्वास उरलेला नाही. तरी जाते. न जाऊन काय करू?

दिवाळीत ताईंची मुलगी आली होती. तिनं आईला नवा फोन घेऊन दिला, त्यात सगळं बसवून दिलं. पाडव्याच्या सकाळी ताई फराळाचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. आई स्वयंपाकघरात होती. ताई दारातच माझ्याशी बोलल्या, अगदी सहज.

"अगं, ते पुसलं गेलंच नव्हतं बरं का. पोरीनं नंबर टाकला तर सगळं समोर. माझे सगळे धडे, तो प्रश्न, बाईंचं उत्तर. फक्त परीक्षा बंद झाली आता. सगळं पान वाचून काढलं मी."

सगळं पान. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. कशानं, ते मला सांगता येणार नाही.

मग म्हणाल्या, "तुला तरी कुठून ठाऊक असणार."

त्या थांबल्या. डबा अजून त्यांच्याच हातात होता. माझ्याजवळ वेळ होता, बोलायला जागा होती, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "हो ना ताई. मला तरी कुठं ठाऊक होतं."

त्यांनी मान हलवली, डबा माझ्या हातात दिला आणि जिना उतरून गेल्या.

मला ठाऊक होतं.