रस्त्यातून खाली पडणारा टेम्पो

चाकणच्या एका कंपनीत मी पार्ट तपासते. माप बसलं तर हिरवा क्रेट, नाही बसलं तर लाल. आठ वर्षं दुसऱ्यांचं काम तपासल्यावर वाटायला लागलं, आपणही काहीतरी बनवावं. म्हणून मी मोबाइलवरचे गेम बनवायला शिकायचं ठरवलं.

पहिले तीन महिने फार छान गेले, कारण त्यात मी फक्त व्हिडिओ बघितले. शिकवणारा जे दाबेल ते मी दाबायचे. त्याचा गेम चालला की माझाही चालायचा. व्हिडिओ बंद केला की मात्र रिकाम्या पडद्यासमोर मी परक्याच्या घरी आल्यासारखी अवघडून बसायचे.

शेवटी एका रविवारी व्हिडिओ न लावता स्वतःचा गेम करायला घेतला. पिंपरीहून चाकणला निघालेला टेम्पो आणि वाटेतले खड्डे, एवढाच मामला. दुपारी चारला प्ले दाबलं. टेम्पो रस्त्यावर आला आणि रस्त्यातून आरपार खाली गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा गेला.

सासरे चहाचा कप घेऊन मागेच उभे होते. ते निवृत्त फिटर, मूळचे लातूरकडचे.

"काय करायलीस गं?"

"टेम्पो चालवतेय, बाबा."

त्यांनी आणखी दोन टेम्पो पडताना शांतपणे पाहिले. मग विचारलं, "ह्या रस्त्याचं कंत्राट कुणाला दिलं होतं?"

मला हसू यायच्याऐवजी रडूच आलं. लॅपटॉप मिटला आणि जाहीर केलं, हे आपलं काम नव्हे.

"रोज किती पार्ट लाल क्रेटात टाकतीस?" त्यांनी विचारलं.

"पंधरा-वीस."

"मग मशीनवाला नोकरी सोडून घरी जातोय का?"

"नाही. सेटिंग बदलतो."

"मग बदल की!" म्हणून ते कप विसळायला गेले.

सेटिंग सापडायला पुढचे दोन रविवार गेले. रस्ता नुसता दिसत होता. तो टणक आहे हे कॉम्प्युटरला सांगायचं मी विसरले होते. टेम्पो पहिल्यांदा रस्त्यावर टिकला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू बघायला आल्या.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी गेम शेजारच्या मैत्रिणीला दाखवला. पहिल्याच स्पीडब्रेकरला टेम्पो उडाला, ढगांपलीकडे गेला आणि परत आलाच नाही. उसळीच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रीण मात्र हसून हसून सीटवरून घसरली. फोन मागच्या सीटवर गेला, तिथून आणखी मागे. मोशी ओलांडेपर्यंत टेम्पो कोण जास्त उंच उडवतो यावर पैजा लागल्या होत्या.

"ए, हा गेम कुणी बनवलाय?" मागून आमच्या सुपरवायझर बाईंनी विचारलं.

एरवी मी म्हणाले असते, 'असंच, शिकतेय थोडंसं.' त्या दिवशी सरळ हात वर केला. "मी!"

"मग दुसरी लेव्हल कधी?"

दुसरी लेव्हल नावाची गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

"या रविवारी," मी म्हणाले. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. लेव्हल तिसऱ्या रविवारी झाली.