पट्टा थांबवणाऱ्याला लाडू

"थांबवलास? शाबास. घे."

एवढंच म्हणायच्या आणि स्टीलच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं टक्कन उघडायच्या. आत बेसनाचे लाडू. इथं परदेशात, हॅमिल्टन शहराबाहेरच्या आमच्या पॅकिंगच्या कारखान्यात धोका दिसताच ज्यानं लाल बटण दाबून खोके वाहणारा सरकता पट्टा थांबवला, त्याला ताईंच्या हातचा लाडू मिळे. थांबवायची गरज नव्हती असं नंतर निघालं, तरी मिळे.

ताई शिफ्टच्या मॅनेजर, मी सेफ्टीचा प्रशिक्षक. म्हणजे सुरक्षितता हे माझं काम, आणि माणसं ऐकायची त्यांचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नांगरायचं आपण, आणि पीक उगवतं त्यांच्या अंगणात.

मी करमाळ्याच्या मराठी शाळेतला, घरातला पहिला पदवीधर. शिकवणाऱ्यांचं ऋण मानतो, म्हणून प्रत्येक ट्रेनिंग मनापासून तयार करायचो. स्लाइडवर चित्रं, चित्रांखाली सोपी वाक्यं. शेवटी "कुणाला काही सांगायचंय?" म्हटलं की सगळे बुटांकडे बघत. थोड्या वेळानं तीच माणसं ताईंभोवती! फोर्कलिफ्ट चालवणारा सामोआ बेटांवरचा धिप्पाड गडी लाजत सांगे, "आंटी, मघाशी मागं न बघता रिव्हर्स घेतला. थोडक्यात निभावलं." हे त्यानं मला सांगायला हवं होतं. माझ्या दारावर तशी पाटीसुद्धा होती.

पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम करमाळ्याला ठेवून ये. ताई म्हण." रागवावं म्हटलं तर तेही जमू देत नसत.

एकदा वरच्या साहेबांचा फोन आला. पट्टा फार वेळा थांबतो, माल उशिरा जातो. मी शेजारीच होतो. आता लाडू बंद, असं मनात आलं आणि बरं वाटलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "उशीर माझ्या नावावर लिहा. पण कुणाचं बोट गेलं, तर ते कुणाच्या नावावर लिहायचं?" फोन ठेवून त्या चहाला गेल्या. हे वाक्य मला का सुचलं नाही, म्हणून मी दिवसभर धुमसत होतो.

"ताई, मला कधी लाडू दिला नाहीत," एकदा मी हसत म्हटलं.

"तू कधी थांबवलायस पट्टा?"

"माझं काम शिकवायचं."

"मग शिकव की," म्हणून त्यांनी झाकण लावलं.

त्या दिवसापासून मला तो लाडू हवाच होता.

पुढं त्यांना दुसऱ्या गावी, अल्बनीला मोठी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी एकेकाचा निरोप घेत त्या पट्ट्याशेजारून चालल्या होत्या. एक खोका रोलरपाशी अडकला. बोलता बोलताच ताई वाकल्या आणि चालू पट्ट्यात हात घातला. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी रोलरवर लोंबली.

मी बटण दाबलं.

सगळं शांत झालं. ताईंनी हात बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला. मग सगळ्यांना दाखवला.

"बघा. रोज तुम्हाला सांगणारी मी, आणि मीच हात घातला. घरी जायची घाई झाली की माणूस असा सैल होतो. यानं मला थांबवलं. मॅनेजर म्हणून सोडलं नाही. तुम्हीही कुणाला सोडू नका."

टाळ्या पडल्या. फोर्कलिफ्टवाला डोळे पुसत होता. माझ्या ट्रेनिंगमध्ये आजवर कुणी डोळे पुसले नव्हते. बटण मी दाबलं होतं, आणि धडा पुन्हा त्यांचाच झाला होता.

"थांबवलास? शाबास," ताई म्हणाल्या. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. "घे. डबाच घे."

आत एकच लाडू उरला होता. तो मी गाडीत बसून खाल्ला. फार चांगला होता, काय करणार.

आता तो डबा माझ्या टेबलावर असतो. करमाळ्याहून आलेली माझी आई तो भरून देते. परवा फोर्कलिफ्टवाला दारात आला. "ब्रो, पट्टा थांबवला. दोरी लोंबत होती एकाची." मी शाबास म्हटलं. झाकण माझ्या अंगठ्यानं उघडत नाही, दोन्ही हात लागतात.

त्यानं लाडू तोंडात टाकला.

"कसा आहे?"

"स्वीट ॲज," तो इथल्या बोलीत म्हणाला, म्हणजे झकास, आणि चघळत चघळत पट्ट्याच्या टोकाकडे बघत राहिला. आंटी तिथं उभ्या असायच्या.

आईचे लाडू ताईंच्या लाडवांपेक्षा चांगले असतात. पण मीही तिकडंच बघत होतो.