श्राद्धाच्या भावातली गिटार

भावताव हे आमच्या घरात माझं खातं. हे एकटे बाजारात गेले की दुकानदार सांगेल तो भाव देऊन वर त्याला "धन्यवाद" म्हणून येणार. म्हणून गिटार घ्यायची ठरली तेव्हा यांनी मला बरोबर नेलं. नसतं नेलं तर किती बरं झालं असतं.

हे हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवतात ती. इथे इंदूरला बँकेच्या गॅदरिंगमध्ये जुनी सिनेमाची गाणी वाजवली की बायका मला म्हणायच्या, "भाभी, आपके तो मजे हैं!" डोंबलाचे मजे! पोळ्या लाटताना एकच कडवं वीस वेळा ऐकून बघा म्हणावं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, हळू!" की हे लगेच हळू वाजवायचे. उलट उत्तर देणं यांना जमलंच नाही कधी.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांत हात थरथरायला लागले. तुकोगंजच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे वाढत जाणार, औषधानं थोडे दिवस रेटता येईल. परत येताना रिक्षात हे म्हणाले, "चला, सुरांना कंप द्यायला आता मेहनत नको, आपोआप येतोय." आणि हसले. मला रडूच आलं, म्हणून मी रिक्षावाल्यावर खेकसले की बाबा रे, खड्डे बघून चालव.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना हे म्हणाले, "मला रेझोनेटर घ्यायची आहे." आता हे काय नवीन? तर त्या गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते, वर भोकाभोकांचं चकचकीत झाकण. तार अगदी हळू छेडली तरी ती वाटी घुमते आणि मोठा आवाज येतो. यांच्या बोटांत जोर उरला नव्हता, जुन्या लाकडी गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नव्हता. "हात आहेत तोवर वाजवून घेतो," एवढंच म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, या माणसानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू.

नवीन गिटारचे भाव मी मोबाइलवर पाहिले आणि मोबाइल उपडा ठेवला. मग कुणीतरी सांगितलं, मल्हारगंजात वाद्यं दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडे कुणाची तरी जुनी विकायला आली आहे. आम्ही गेलो. गल्लीत एवढीशी खोली, चहूकडे हार्मोनियमची पोटं उघडी पडलेली. त्यानं जुन्या चादरीतून गिटार काढली. यांनी आधी डोळ्यासमोर धरून दांडी वाकलीय का ते बघितलं. मग झाकणावर बोटाच्या पेरानं टकटक केली, आत काही खडखडतंय का म्हणून कान लावला. खुंट्या फिरवून पाहिल्या. माझ्याकडे बघून मान हलवली. वस्तू चांगली होती.

मग मांडीवर घेतली आणि वाजवली. अहो, काय आवाज! बाहेर गल्लीत सायकल धरून एक म्हातारा उभा राहिला. यांचे हात थरथरत होते आणि तरी तो आवाज भरभरून येत होता. मी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली, कारण माझा चेहरा बघून दुकानदारानं भाव वाढवला असता.

त्यानं भाव सांगितला. मी पर्सची चेन लावली आणि उठले. "भाभीजी, बैठो तो सही," तो म्हणाला. मी म्हटलं, "श्राद्ध चल रहे हैं भिया. पंधरा दिन कौन लेगा तुम्हारी गिटार?" पितृपक्षातली पंचमी होती. बाजार ओस. तोही हे जाणून होता. हो-ना करता करता तो माझ्या भावावर आला. वाजवी भाव होता, त्याचंही नुकसान नव्हतं. यांनी खिशात हात घातला.

आणि मी यांचा हात धरला. म्हटलं, "आज नाही. पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही. घटस्थापनेला घेऊ."

दुकानदार बघतच राहिला. "क्या बात कर रिये हो भाभीजी! भाव श्राद्ध का और सौदा नवरात्र का?"

हे म्हणाले, "अगं, ती जुनीच आहे. नवीन कुठे?" मी तिथल्या तिथे फटकारलं, "तुमच्या आईचं श्राद्ध परवावर आलंय, जरा तरी भान ठेवा!" यांनी गिटार चादरीत गुंडाळून स्वतःच्या हातानं परत दिली. दुकानदार चांगला, म्हणाला, ठेवतो तुमच्यासाठी. मी घरी येताना मनात खूश होते. भावही माझा, मुहूर्तही माझा.

त्यानंतर हे रोज दुपारी फिरायला जायला लागले. "बँकेतले दोस्त भेटतात," म्हणायचे. मला बरं वाटलं, मन रमतंय.

द्वादशीला सकाळी दाढी करता करता हे गेले. हार्ट अटॅक. साबण गालाला तसाच.

घटस्थापना चौथ्या दिवशी होती. घरात सुतक. ज्या मुहूर्तासाठी मी थांबवलं, तो मुहूर्त त्या वर्षी आमच्या घरात आलाच नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "पितृपक्षात गेले, पुण्यवान हो!" मी हात जोडायची. मनात म्हणायची, चुलीत जाऊ दे ते पुण्य.

वर्षभर मी मल्हारगंजाच्या बाजूला फिरकले नाही. जुनी इंदूर या आमच्या भागातून कुठेही जायचं तर लांबचा रस्ता धरायची. मग त्यांचं वर्षश्राद्ध आलं, तिथीप्रमाणे पितृपक्षातच, द्वादशीला. गुरुजी जेवून गेले, मी खरकटं काढलं, पर्स घेतली आणि रिक्षात बसले.

त्यानं मला ओळखलं. माझ्यामागे दारात बघितलं. "भाईसाब नहीं आए?"

मी सांगितलं. तो खालीच बसला. मग म्हणाला, "भाभीजी, वो तो रोज आते थे."

"कोण?"

"भाईसाब. दोपहर को. यहीं बैठके घंटाभर बजाते थे. मैंने कहा, घर ले जाओ, पैसे बाद में दे देना. बोले, नहीं, घर में नवरात्र का तय हुआ है. आखिरी दिन खुद नए तार डाल के गए. बोले, बस, अब पाँच दिन."

मला काय झालं सांगता येत नाही. राग आला, त्यांचा, माझा, त्या दुकानदाराचा. आठवडाभर माझा नवरा या खुराड्यात बसून वाजवत होता आणि मी घरी घड्याळाकडे बघत चहा ठेवत होते. माझं मन मोडायचं नाही म्हणून! मी त्याला म्हटलं, "ते काय वाजवायचे, ते वाजवून दाखवा."

तो म्हणाला, "मैं तो सुधारता हूँ भाभीजी. बजाना कहाँ आता है."

मी पैसे काढले. तो म्हणाला, श्राद्ध चालू आहेत, चार दिवस थांबा, नवरात्रात न्या. मी म्हटलं, "नहीं. आज ही." भाव विचारला नाही. त्यानं त्या दिवशी ठरलेलाच घेतला.

घरी येऊन ती त्यांच्या दिवाणावर ठेवली, ते बसायचे तिथे. त्यांच्या नावानं वाढलेल्या पानावरची खीर तशीच होती. मला वाजवता येत नाही. एका बोटानं, घाबरत, एक तार छेडली. केवढा आवाज! स्वयंपाकघरापर्यंत गेला असेल. एवढ्याशा बोटानं. मी अजून हळू छेडली, तरी तेवढाच. त्यांना एवढंच हवं होतं हो. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "वाजवा ना. जोरात वाजवा. मी काही म्हणत नाही."