केवडा कोणी आणला

भेंडीवर पडलेल्या रोगाचा आळ मी एकदा माझ्या धाकट्या जावेवर घेतला. तोही अंगणात उभी राहून, शेजारच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते. देवाने अक्कल दिली होती म्हणतात, पण मी ती फडताळात जपून ठेवली असावी, कारण वापरल्याचं आठवत नाही.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. नव्वद सालानंतरची गोष्ट. भात निघालं की विहिरीजवळच्या तुकड्यात आम्ही भेंडी लावायचो. भेंडीची लव हाताला खाजते, म्हणून आम्ही दोघी जावा नवऱ्यांचे फाटके मोजे हातांत घालून तोडणी करायचो. माझी एक सरी होईस्तोवर तिच्या दोन व्हायच्या. वर विचारायची, "आक्का, हात चालतोय का नुसतं तोंड?" बी तिने टोकलेलं, पाणी तिने दिलेलं. मी फक्त मोठी, म्हणून मालकीण.

बाहेरची असलेल्या, म्हणजे पाळी आलेल्या बाईने भाजीच्या मळ्यात पाय ठेवायचा नाही, असं आमच्याकडे होतं. एका सकाळी मुरबाडच्या व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता आणि तोडायला मी एकटी. जाऊ बांधापाशी येऊन थांबली.

"आक्का, मी कालपासून बाहेरची हाय. येऊ का नको?"

"ये गो. कोनाला सांगू नको," मी म्हटलं. माल मलाही पाठवायचा होता.

काही दिवसांनी पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. हिरव्या पानावर कुणी हळदीने जाळं काढावं तशा. मग अख्खी पानं पिवळी, भेंडी फिकट आणि वाकडी. या रोगाला केवडा म्हणतात. नाव काय, आणि करणी काय!

आधी मी मीठ-मिरच्या घेऊन मळ्याची दृष्ट काढली. पानांखालून कोंड्यासारखं पांढरं बारीक काहीतरी उडत होतं. ते मी पदराने झटकत या सरीवरून त्या सरीवर हाकललं आणि म्हटलं, गेली पीडा. पीडा पुढच्या सरीत जाऊन बसली होती. उपाय लागू पडेना, तेव्हा मी जावेला अंगणात उभी केली.

"तुझ्या पायानं मळा गेला! तसल्या दिवसांत आलीस तू."

"तुला इचारून आली व्हती, आक्का. तूच ये बोललीस."

सासू माझ्याकडे बघत होती.

"मी? मी कदी बोलली?"

जाऊ आत जाऊन भांडी घासायला बसली. सासूने तिला मळा बंद केला, मग पाणवठा, मग महिन्याचे ते दिवस गोठ्याच्या पडवीत. शिमगा झाल्यावर दिराने आसनगावला खोली घेतली. जाऊ दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन निघाली, तेव्हा मी मुद्दाम विहिरीवर जाऊन बसले होते.

पुढच्या साली केवडा पुन्हा आला. आता कुणाला उभी करू? तालुक्याहून कृषी सहायक आले होते, त्यांना मळा दाखवला. त्यांनी एक पान उलटं केलं. खाली तेच पांढरं, बारीक.

"ही पांढरी माशी. रोगट पानाचा रस पिते आणि चांगल्या पानावर जाऊन बसते. रोग तिच्या सोंडेतून तिथं जातो." मग त्यांनी बांधाकडे बोट केलं. "ती जुनी झाडं कोणी ठेवली?"

पावसाळी भेंडीची चार झाडं. घरचं बी हवं म्हणून मी दर साली राखायचे. पिवळीधमक झाली होती.

"मीच. आमची पद्धत हाय."

"मग माशीला रोग तिथंच मिळतोय, मावशी. नवीन लावायच्या आधी ती उपटून जाळायची."

त्यांनी मला मावशी म्हटलं, याचाच मला आधी राग आला. अशी मी.

त्याच दिवशी एसटी धरून आसनगावला जायला हवं होतं. गेले नाही. माशीचं सांगितलं असतं हो, पण ‘ये गो’ म्हणाले होते तेही सांगावं लागलं असतं. लग्नकार्यात भेटायचो. ती वाकून नमस्कार करायची आणि दुसऱ्या पंगतीला बसायची. अशी दहा-अकरा वर्षं गेली. सासू वारली, तेव्हा दहाव्याला जाऊ आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तिने विचारलं, "आत येऊ का?" ज्या चुलीपुढे तिने पाच वर्षं भाकऱ्या थापल्या, तिथे.

त्या महिन्यातच मी तिच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं. माशी, बांधावरची झाडं, आणि मी सगळ्यांदेखत खोटं बोलले तेही. ती ऐकत होती, हाताने तांदूळ निवडत होती. चहा दिला. पलीकडे तिची मुलगी वह्यांना कव्हरं घालत होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "हिला सुट्टीत धाड माझ्याकडं. मळा दाखवते, तोडायला शिकवते."

जावेने सूप खाली ठेवलं.

"पोरगी आता शानी झालीय, आक्का. तुझ्याकडं आली तर महिन्यातले चार दिवस तिला कुठं बसवशील, ते सांग आदी."