बाईंचा इलेक्ट्रोड

आमच्या प्रयोगशाळेत संचालक नावापुरते. राज्य बाईंचं. बाई तंत्रज्ञ, काम काय, तर केसाहून हजारपट बारीक नाल्या असलेल्या काचेच्या चिपा धुणं, त्यांत पाणी भरणं आणि आम्हा विद्यार्थ्यांना फैलावर घेणं.

"हात धुतलेस?"

"धुतले, बाई."

"परत धू. घामात मीठ असतं. एक थेंब पडला की तुझ्या सहा वर्षांची माती!"

खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. या नाल्यांतून मिठाचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. शेजारच्या सोन्याच्या पट्टीला व्होल्टेज दिलं की त्यांची वाट बंद, काढलं की सुरू. पण पाण्यात मीठ अगदी किंचित असेल तरच. जरा वाढलं की हे कण कुणाच्या बापाला जुमानत नाहीत. एवढासा नळ बंद करता येणं, हाच माझा प्रबंध.

शेवटच्या परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आलेख पाहिले. आता समोर प्रवाह बंद करून दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

मी बटण दाबलं. पडद्यावरची रेघ ढिम्म. पुन्हा दाबलं. प्रवाह आपला मजेत चाललेला. गेली पदवी!

"कुणी हात घातला यात?" बाई कडाडल्या.

आम्ही सगळ्यांनी, अगदी संचालकांनीसुद्धा, नखं दाखवावीत तसे हात पुढे केले. बाईंनी संचालकांच्या हातांचा वासही घेतला. परीक्षकांनी स्वतःचे हात हळूच खिशात घातले.

मग बाई चिपवर वाकल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. बाई आणि हळू आवाज! मला धडकीच भरली.

"इलेक्ट्रोड मी सकाळीच बुडवून ठेवला," त्या म्हणाल्या.

प्रवाह मोजायच्या या इलेक्ट्रोडच्या नळीत खारट पाणी असतं, ते टोकातून झिरपतं. म्हणून तो मोजायच्या क्षणीच बुडवायचा, हा बाईंचाच नियम. तो मोडला म्हणून एकदा मला आठवडाभर बाटल्या धुवायला लावल्या होत्या.

"का पण, बाई?"

"आयत्या वेळी तू गडबडशील वाटलं. म्हटलं, तयार असावं." मग परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "हिची चूक नाही. मीठ मी घातलं. अर्धा तास द्या."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि बसले.

बाईंनी चिप तीनदा धुतली, नवं पाणी भरलं. इलेक्ट्रोड उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी तो मागितला. एरवी मनगटावर फटका बसला असता. त्यांनी निमूट दिला. मी बुडवला, बटण दाबलं. रेघ धाडकन खाली आली आणि तळाशी राहिली.

परीक्षक "अभिनंदन, डॉक्टर" म्हणाले म्हणे; मला ऐकूच आलं नाही. बाई स्टुलावर मटकन बसल्या होत्या.

"घालवली होती गं मी तुझी पदवी," त्या म्हणाल्या, आणि मी सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडले.