दुसऱ्या मोजणीची सही

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

रोह्याच्या कारखान्यांतल्या आम्हा केमिस्ट लोकांचं एक उष्णतामापन मंडळ आहे. रसायनं एकत्र केली की किती उष्णता निघते ते मोजायचं. त्या आकड्यावरून टाकीला थंड पाणी किती लागेल ते ठरतं. नियम एकच — प्रत्येक मोजणी दोघांनी करायची, दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता. मग दोन सह्या. काय तोरा होता आम्हाला त्या दोन सह्यांचा!

यंदा मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पेणला घरी बसून जुन्या वह्या चाळल्या. आणि ते पान आलं — येणारच होतं ना?

त्या दिवशी पहिली मोजणी दत्तारामने केली. दुसरी माझी. तीन तासांचं काम, आणि मला पेणची गाडी पकडायची होती. घरी काही अडलं होतं का? छे! कंटाळा. नुसता कंटाळा. मी दत्तारामचा आकडा बघितला, शेवटचा अंक बदलला — खरा वाटावा म्हणून — आणि सही ठोकली.

आठवड्याने त्याच आकड्यावर चालवलेली टाकी उसळली. त्या शिफ्टला असलेल्या महादेवचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीच्या आदल्या दिवशी मी एकट्याने तीच मोजणी केली. आकडा दत्तारामच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आला. तेव्हा बरे मिळाले तीन तास!

तरी चौकशीत काय सांगितलं मी? दोघांनी वेगवेगळं मोजलंय. मग चूक कोणाची उरली? महादेवने पाणी उशिरा सोडलं, असं ठरलं. त्याची नोकरी गेली. आणि इतिहासात मी लिहिलं — मंडळाची एकही मोजणी कधी चुकली नाही. छापून आलंय.

गेल्या महिन्यात कोलाडला चहाला थांबलो. हॉटेल महादेवच्या भावाचं निघालं. महादेव तिथेच बसतो. बोटं मिटत नाहीत, कप दोन्ही तळव्यांत धरतो. मला बघून केवढा हरखला! लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘पाणी टायमात सोडलेलं असं मला वाटायचं, भाऊ,’ तो म्हणाला. ‘पण तुमी दोघांनी मोजलेलं हाय. ते खोटं नाय व्हायचं. मीच चुकलो असंन.’

मी ‘असेल’ म्हणालो. चहा संपवला आणि पेणची गाडी पकडली.